कुंडलच्या माळावर: औंध संस्थानातील उद्योग आणि आत्मविश्वास

हाती घेतलेले काम आपल्याला जमेल, हा भरवसा म्हणजे आत्मविश्वास. तो माणसाच्या स्वभावात असतो किंवा नसतो, असे सहसा धरून चालतात. त्यामुळे त्यालाही इतिहास असतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रातल्या बहुतेक शिकलेल्या लोकांना आपण यंत्र घडवू शकू, असे वाटत नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्याच नातवंडांना त्यात काही विशेष वाटेनासे झाले. हा बदल कसा घडला, हे पाहायला औंध या छोट्या संस्थानाइतकी चांगली जागा दुसरी सापडणे अवघड आहे. अवघ्या ७२ गावांचे हे संस्थान, आणि तीही सलग नव्हेत. बहुतेक आजच्या सातारा, सांगली या जिल्ह्यांत विखुरलेली. इथे चाळीस वर्षांच्या आत नांगराचा कारखाना उभा राहिला, कंदिलाचा कारखाना उभा राहिला, कैद्यांची बिनभिंतींची वसाहत वसली आणि गावांनी स्वतःचा कारभार हाती घेतला.

त्याआधीची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणी काढली आणि पुढे गिरण्यांची रांग लागली. भांडवल देशी होते, मजूर देशी होते. पण यंत्रे लँकेशायरची आणि यंत्रांवर देखरेख करणारे अधिकारीही बहुधा तिकडचेच. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये हजारो देशी हात राबत, पण वरच्या जागा गोऱ्यांसाठी आणि अँग्लो-इंडियनांसाठी राखलेल्या असत. एतद्देशीय माणूस चांगला कारकून होईल, चांगला वकीलही होईल, पण यंत्राचे डोके त्याला नाही, हे मत राज्यकर्त्यांचे होते आणि हळूहळू ते प्रजेनेही स्वीकारले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, ती या न्यूनगंडावर घाव घालण्यासाठीच. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताची खादी नेसून गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८९० मध्ये औद्योगिक परिषद भरवली आणि देशाच्या दारिद्र्यावर कारखानदारी हाच उपाय असल्याचे मांडले. विचारांची ही बाजू भक्कम होती. उणीव होती ती ओतशाळेत उभे राहून लोखंड वितळवणाऱ्या माणसाची. व्याख्यानाने आलेला हुरूप घरी पोहोचेपर्यंत टिकतो; स्वतः बनवलेले यंत्र शेतात चालताना पाहून येणारा भरवसा निराळा असतो, आणि तो अजून कोणी अनुभवलेला नव्हता.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत. वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोनेक वर्षांनी त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत, हे उघड झाले. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती असणार! त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या: यांत्रिक रेखाचित्रण शिकले आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. संस्थेच्या वर्कशॉपमधली यंत्रे खोलून-जोडून त्यांनी ती आतून जाणून घेतली, अमेरिकन तांत्रिक मासिके वाचली. १८९७ मध्ये त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पगाराची सरकारमान्य नोकरी सोडून गावी परत जाणे त्या काळी वेडेपणाचे लक्षण मानले जाई. थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलींचा व्यापार आधीच सुरू होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाची सुरुवात १८८८ ची मानतात. सायकली विकणे, त्या चालवायला शिकवणे, दुरुस्ती करणे, असा तो उद्योग होता.

दुसऱ्याचा माल विकण्यापासून स्वतःचा माल बनवण्यापर्यंतचे पाऊल कडबा कापण्याच्या यंत्राने पडले. त्यानंतर लोखंडी नांगर. लाकडी नांगर गावचा सुतार बनवी, बलुत्याच्या हिशेबात दुरुस्त करी, आणि तो जमीन चिरत जाई. लोखंडी नांगर मातीचा थर उलथा करतो, त्यामुळे हरळी-कुंद्यासारखे चिवट तण मुळासकट वर येते. विलायती लोखंडी नांगर बाजारात होते, पण महाग. लक्ष्मणरावांनी तसाच नांगर बेळगावात ओतला आणि तो जवळजवळ दोन वर्षे विकला गेला नाही. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. या समजुतीला नुसते अडाणीपणाचे नाव देणे अन्यायाचे होईल. नांगर रोख पैसे देऊन घ्यायचा. मोडला तर गावचा सुतार काही करू शकणार नाही. ओढायला बैल जास्त लागणार. आणि एक हंगाम फसला तर सावकाराचे दार ठरलेले. शेतकऱ्याची शंका मालाच्या गुणाबद्दल होती तितकीच बनवणाऱ्याच्या शब्दाबद्दलही होती.

शिवाय ओतीव फाळाची स्वतःची अडचण असते. साधे ओतीव लोखंड मऊ राहिले तर खडकाळ रानात टोक लवकर झिजते. सगळेच कडक केले तर दगडाला थटून तुटते. उपाय असा की साच्यात टोकाच्या जागी धातूचा तुकडा बसवायचा. त्याला लागून रस झटकन थंड होतो आणि टोक कठीण बनते, बाकीचा भाग मात्र चिवट राहतो. सांगायला सोपे, पण रसाचे तापमान, लोखंडाची प्रत, साच्यातली ओल यांचा मेळ बसेपर्यंत किती ओत वाया जातात, ते ओतकाम करणाऱ्यालाच ठाऊक. लक्ष्मणरावांना हे शिकवणारे जवळपास कोणी नव्हते. मराठी उद्योजकाचा आत्मविश्वास ज्याला म्हणता येईल तो अशा फसलेल्या ओतांतून घडला. आधी खात्री आणि मग काम, असा क्रम इथे दिसत नाही; काम, चूक, पुन्हा काम आणि मग खात्री, असा दिसतो. म्हणूनच ती पुढच्या संकटांत डळमळली नाही.

धंदा जम धरू लागला तोच बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. यंत्रे उचलून कुठे न्यायची, हा प्रश्न पडला असताना औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंधच्या देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांनी केले होते, तेव्हापासून राजांनी या माणसाचे हात पाहिले होते. बाळासाहेब स्वतः चित्रकार, कीर्तनकार, १९०९ मध्ये गादीवर आलेले. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांनी गजबजलेला, पाण्याची वानवा असलेला माळ. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव आपली माणसे आणि यंत्रे घेऊन तिथे उतरले; तिथे वसलेले गाव म्हणजेच किर्लोस्करवाडी. त्याच सुमारास बिहारकडे साकचीला टाटांचा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. भांडवलात दोघांची तुलनाच नाही, पण रानात कारखाना आणि कारखान्याभोवती गाव, ही कल्पना दोन्हीकडे एकच होती.

स्वतःवरच्या विश्वासाच्या कथांत मदत करणारा माणूस बहुधा पडद्यामागे राहतो. इथे तसे करता येत नाही. व्यवसायात हात पोळण्याची शक्यता असताना दुसऱ्याने दहा हजार रुपये पुढे करणे हे पैशाहून मोठे होते. तुमच्या कामाला किंमत आहे, हे एका परक्या पण जाणत्या नजरेने दिलेले प्रमाणपत्र होते. इंग्रजी राज्यातल्या बँका असे कर्ज देत नसत. कारखाना उभा राहिला नसता तर बाळासाहेबांची नव्याने आलेली गादीही टीकेची धनी झाली असती. त्यांनीही जोखीम घेतली होती.

मिळालेला विश्वास लक्ष्मणरावांनी पुढे वाटला, आणि किर्लोस्करवाडीचा सगळ्यात विलक्षण भाग हाच आहे. वाडीची पहिली माणसे पाहिली तर नोकरभरतीच्या कुठल्याही नियमात ती बसली नसती. गावाची आखणी आणि व्यवस्था रामुअण्णांकडे. शंभुराव जांभेकर यंत्रांकडे. मंगेशराव रेगे हिशेबाकडे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक यंत्ररचनाकार ठरले. के. के. कुलकर्णी परीक्षांत अपयशी ठरलेले, ते बाहेरची कोणतीही अडचण निस्तरणारे उजवे हात बनले. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही दरोडेखोरीसाठी शिक्षा भोगून आलेले. ज्या काळात सरकार काही जातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा मुंबई इलाख्यात लागू करत होते, त्या काळात एका कारखानदाराने तिजोरी आणि कोठार त्याच जातींतल्या माणसांच्या हाती सोपवले. त्या दोघांनी तो भरवसा मोडला नाही. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा नियमही लक्ष्मणरावांनी घातला. रामोशी-मांग वस्तीतल्या माणसाला तू प्रामाणिक आहेस, असे उपदेशाने सांगून भागत नाही. किल्ली हातात द्यावी लागते. शाळेने नापास ठरवलेल्या मुलाला तुझ्यात बुद्धी आहे, असे सांगून भागत नाही. त्याला नांगराचा आराखडा काढायला द्यावा लागतो. आत्मविश्वासाबद्दल पुष्कळ लिहिले जाते, पण ही साधी गोष्ट त्यात क्वचित येते.

पहिल्या महायुद्धाने विलायती मालाची आवक आटली. स्पर्धा कमी झाली खरी, पण लोखंड, कोक, रंग यांचीही आवक आटली. कोकची जागा लाकडी कोळशाने घेतली, रंग वाडीतच तयार होऊ लागला. लोखंडासाठी मोडीत निघालेले जे मिळेल ते वितळवले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या निकामी तोफा यासाठी दिल्या, आणि त्यांचे नांगर झाले. ऊस गाळायचे चरक, शेंगा फोडायचे यंत्र, हातपंप असा माल हळूहळू वाढला. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. १९२६ मध्ये वाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार होऊ लागले, आणि शेतीच्या पाण्याचा पुढचा सगळा इतिहास त्या पंपाशी बांधला गेला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेऊन परतले. बाप मासिके वाचून जे शिकला ते मुलगा तिथे जाऊन शिकला. परतल्यावर त्याला काम मात्र माळावरच्या कारखान्यातच मिळाले.

१९२० मध्येच वाडीतून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, हे लक्ष्मणरावांचे पुतणे. चित्रकला शिकलेले, जाहिरातीची नवी दृष्टी असलेले. कारखान्याच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेले हे पत्रक काही वर्षांत ‘किर्लोस्कर’ या नावाचे मातब्बर मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ त्याला येऊन मिळाली. नांगर विकणाऱ्या गावातून मराठी घराघरांत मासिके जाऊ लागली, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली अपूर्व घटना आहे. स्वकष्टाने वर आलेल्यांची चरित्रे, धंद्याची माहिती, रूढींवर टीका हा त्यांचा मजकूर असे. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्येच आले. नोकरीखेरीज दुसरे काही सुचत नसलेल्या मध्यमवर्गीय मुलाला धंदा करून पाहावासा वाटावा, आणि चूल-मुलाच्या पलीकडे बाईचे काही म्हणणे असू शकते हे घराने ऐकावे, यात या मासिकांचा वाटा मोठा आहे.

बाळासाहेब वाडीपुरते थांबले नाहीत. कराडजवळ संस्थानच्या हद्दीत १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला, त्यालाही औंधचा आश्रय होता. परदेशी कंदिलांशी टक्कर देणारा ‘प्रभाकर’ कंदील तिथला. गावही ओगलेवाडी म्हणून ओळखले जाऊ लागले. काच वितळवायची भट्टी आणि योग्य वाळू यांसाठी ओगल्यांना जे कष्ट पडले ते नांगराच्या फाळासाठी पडलेल्या कष्टांच्याच जातीचे. शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा राजांचा आग्रह प्रसिद्ध आहे. काहींना तो छंद वाटे, पण त्यामागचा विचार सरळ होता: ज्याला आपल्या शरीरावर भरवसा नाही त्याला इतर कशावर असणार?

सगळ्यात मोठे पाऊल १९३९ चे. जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेनुसार, बाळासाहेबांनी आपला कारभार प्रजेच्या हाती दिला. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांचा या कामात पुढाकार होता. गावाने पंचायत निवडायची, पंचायतीने न्याय, शिक्षण, रस्ते पाहायचे. अक्षरही न ओळखणारे शेतकरी राज्य चालवतील कसे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. हाच आक्षेप इंग्रज सगळ्या देशाबद्दल घेत असत. त्याच वर्षी फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत झाली. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे बेड्यांशिवाय, भिंतींशिवाय राहून शेती करू लागले, कुटुंबाला बोलावू लागले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्या हाती वाडीच्या किल्ल्या देण्याचा प्रकार तीस वर्षांपूर्वीचा. त्याच संस्थानाने आता त्याचे धोरण केले. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच वसाहतीवर बेतलेला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, ते याच मुलखातले, आटपाडी, कुंडल आणि औंध इथेच शिकलेले.

या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट स्पष्ट नोंदवायला हवी. विश्वास ठेवला जाण्याची संधी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. लक्ष्मणरावांकडे शिक्षण होते, मुंबईचा अनुभव होता, राजदरबारात शब्दाला वजन असलेली जात होती. बेळगावच्या एखाद्या लोहाराच्या किंवा सुताराच्या मुलाने तितकाच चांगला फाळ ओतला असता तरी त्याला ३२ एकर माळ मिळाला असता का, हा प्रश्न टाळता येत नाही. नांगर शतकानुशतके घडवणारे हात त्यांचे होते. कारखानदार मात्र ते झाले नाहीत. बहुतेक कारागीर वाडीत आले ते कामगार म्हणून. ज्योतिराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या विद्येचा आणि सुधारलेल्या शेतीचा प्रश्न मांडला होता, त्याला किर्लोस्करवाडीने अर्धेच उत्तर दिले.

चाळीसच्या दशकात कुंडलचा परिसर वेगळ्याच कारणाने गाजला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर कारभाराचे, कुंडल हे मोठे केंद्र झाले, जी. डी. बापू लाड तिथलेच. पंचायतींनी तंटे मिटवणे, प्रतिसरकारच्या तुफान सेनेने दहशत मोडणे, या कामांत शेतकरी-कामकऱ्यांच्या मुलांनी नेतृत्व केले, आणि संस्थानी हद्दीचा चळवळीला उपयोगही झाला. वरून दिलेल्या विश्वासावर न थांबता लोकांनी तो स्वतःच घेतला, अशी ही पुढची पायरी होती.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवरही हल्ला झाला, आग लावली गेली, मोठी हानी झाली. तोवर लक्ष्मणराव ऐंशीच्या घरात पोहोचले होते. कारखाना पुन्हा सुरू झाला. मार्चमध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि गावांचा स्वतंत्र कारभार संपला. बाळासाहेबांचे १९५१ मध्ये निधन झाले. किर्लोस्करांचा उद्योग तोवर वाडीबाहेर पसरला होता: हरिहरला लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना १९४१ चा, पुण्याचा ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरचा विजेच्या यंत्रांचा कारखाना १९४६ चा. लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. ज्या स्टेशनाजवळच्या माळावर ते उतरले होते त्या कुंडल रोडचे नाव पुढे किर्लोस्करवाडी झाले, आणि पंप आजही तिथे बनतात. स्वतंत्रपूरची वसाहतही संस्थानाबरोबर संपली नाही. विलीनीकरणानंतर ती राज्याच्या तुरुंग खात्याकडे आली.